घमेल्याचा आवाज

म्हसावदच्या बाजारात माझ्या भावाची एक गोष्ट चालते. मोहाच्या दिवसांत त्याच्या बायकोवर अस्वल आलं, त्याने बंदूक उडवली आणि बायकोला मरणाच्या दारातून ओढून आणलं, अशी ती गोष्ट. मी ती चहाच्या टपरीवर ऐकली आहे, जीपमध्ये ऐकली आहे, आणि एकदा तर माझ्याच शाळेतल्या एका शिक्षकाने मला ती रंगवून सांगितली, मी त्या शूरवीराची बहीण आहे हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. दर वेळी अस्वल थोडं वाढलेलं असतं. मी त्या पहाटे तिथे होते, त्यामुळे दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं गाव म्हसावदच्या वर, जिथे डोंगर सुरू होतो तिथलं. मी खांडबाऱ्याकडे एका आश्रमशाळेत शिकवते आणि सुट्टीला घरी येते. घरी वडील, मोठा भाऊ आणि वहिनी. वहिनी मोलगीच्या पलीकडची. तिची बोली वेगळी, आमची वेगळी. लग्न होऊन आली तेव्हा अर्धं बोलणं हातवाऱ्यांवर चालायचं, म्हणून बाजारातली अहिराणी घरात आली आणि मग घरचीच होऊन राहिली.

नाल्याच्या काठी मोहाची तीन झाडं आमच्या घराची आहेत. रान सरकारचं, पण कुठला मोह कोणाचा हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. ती तिन्ही झाडं माझ्या आईची होती. आई गेली त्याच्या आधीच्या हंगामात तिने वहिनीला झाडाखाली उभं केलं आणि सांगितलं, आता हे मोह तुझे. भावाला नाही दिले, मला नाही, वहिनीला दिले. शेत भावाचं, बैल भावाचे, जीपमध्ये पुढची जागासुद्धा भावाची. मोह तेवढे वहिनीचे. फुलं किती वाळवायची, किती विकायची, कोणाच्या घरी पसाभर द्यायची, हे तिच्या मनावर. त्या दिवसांत ती वेगळीच दिसायची, पदर खोचून, घाईत, कोणाचं न ऐकणारी.

मोह पहाटे गळायला लागतो. खाली पिवळसर, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि सगळ्या नाल्याला त्याचा गोड, जड वास येतो. हा वास अस्वलालाही येतो. अस्वल रात्री येतं, फुलं हुंगत, ओढत खात बसतं, आणि खाण्यात एकदा गुंगलं की त्याला बाजूचं काही कळत नाही. नजर त्याची मुळातच अधू. अचानक जवळ कोणी आलं की ते घाबरतं, आणि घाबरलं की तोंडावर येतं. एवढं साधं आहे हे. म्हणून आमच्याकडच्या बायका झाडापाशी जायच्या आधी त्याला सांगतात. आई वाटेत मोठ्याने बोलत जायची, पहिल्या झाडापासून लांब थांबायची, काठीने घमेलं बडवायची आणि आपण आलोय हे कळवायला हाक द्यायची, ‘‘ऊठ रे बाबा, आम्ही उनूत!’’ मग तिथेच बसून मशेरी लावायची. तिची मशेरी होईपर्यंत ज्याला उठून जायचं तो गेलेला असे. वहिनीच्या माहेरीही हीच रीत, शब्द तेवढे निराळे. आणि कुत्रा सोबत न्यायचा नाही, हे दोन्हीकडे सारखंच. कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, अस्वल उलटलं की शेपूट घालून धन्याकडे पळत येतो, आणि त्याच्या मागोमाग अस्वल येतं.

हे भावालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही, कारण तो ह्याच आईच्या हाताखाली वाढला.

पण भावाकडे बंदूक होती. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक, रानडुकरांपासून पीक राखायला परवाना मिळालेली. एकदा बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पार तोरणमाळ गाठेल, पण तिचा थाट विचारू नका. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा भाऊ दारात असा बसतो की जणू बायको रुसून माहेरी गेली आहे. खरी बायको माहेरी गेली तर इतका बसत नाही. त्यात त्याने कुत्री पाळली, चार. डुकरांच्या मागे घालायला. त्यांना वहिनी भाकरी करून घालायची आणि ती कुत्री फक्त त्याचं ऐकायची. संध्याकाळी मित्र जमायचे, कुत्र्यांच्या जबड्यांची कौतुकं व्हायची, आणि रानातलं सगळं काही कसं अंगावर घ्यायचं असतं याच्या गप्पा चालायच्या.

त्या वर्षी होळीच्या सुट्टीला मी घरी होते. नाल्याच्या वरच्या अंगाला कोणीतरी अस्वलाच्या पायाचे ठसे पाहिले. त्यात नवल काही नव्हतं, दर वर्षीच असतात. पण भावाने रात्री जेवताना जाहीर केलं की उद्यापासून बायकांनी एकटं जायचं नाही, तो स्वतः बंदूक आणि कुत्री घेऊन सोबत येणार. वडील म्हणाले, चांगलं आहे. वहिनी भाकरी थापत होती, ती थांबली.

‘‘कुत्रा नका आनू,’’ ती म्हणाली. ‘‘बंदूक आना, पन कुत्रा नको.’’

‘‘तुले काय समजस?’’ भाऊ म्हणाला.

मी म्हणाले की तिचं बरोबर आहे, आईसुद्धा कधी नेत नव्हती. तो म्हणाला, तू शाळेत शिकव. ते बोलणं तिथेच मिटलं.

पहाटे निघालो. पुढे भाऊ, खांद्यावर भरलेली बंदूक, आजूबाजूला कुत्री, मागे आम्ही दोघी. वहिनीच्या डोक्यावर घमेलं. नाल्याच्या वळणावर तिने ते खाली घेतलं आणि काठी उचलली. भावाने मागे वळून तिचा हात धरला.

‘‘आवाज करानं नही,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘आवाज कया ते ते पळी जाई.’’

‘‘पळी जाई ते चांगलंच शे ना?’’ वहिनी म्हणाली.

‘‘गप ऱ्हाय.’’

या दोन शब्दांवर मी कितीतरी रात्री जागून काढल्या आहेत. तो आम्हाला राखायला आला होता. आणि आवाज केला तर अस्वल पळेल, म्हणून आवाज करायचा नव्हता. निघाला होता राखणीला, पण पाय शिकाऱ्याचे पडत होते, हलके, वारा बघून, पाचोळा चुकवत. त्याला स्वतःलाही ते कळलं नसेल. बंदूक खांद्यावर घेतली की त्याची चालच तशी होते. वहिनीने घमेलं पुन्हा डोक्यावर ठेवलं. आम्ही तिघं चोरासारखे त्या झाडांकडे गेलो, जिथे वहिनीने तोवर कधीच न सांगता पाऊल ठेवलं नव्हतं.

ते मधल्या झाडाखाली होतं. मला आधी फुलं ओढून खाण्याचा आवाज ऐकू आला आणि मग काळी पाठ दिसली. कुत्री सुटली. काय सांगू, चारही कुत्री अशी भुंकत गेली की वाटलं आता रान फाटतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं आणि त्याने एका कुत्र्याला पंजाने असं भिरकावलं की ते नाल्यात जाऊन पडलं. भावाने बार काढला. कुठे लागला देव जाणे. अस्वलाला लागला नाही, हे खरं. मग उरलेली तिन्ही कुत्री वळली आणि आमच्याकडे धावत आली, आणि त्यांच्या मागे ते आलं.

कुत्री आमच्या पायांतून निघून गेली. भावाने बंदूक टाकली आणि शेजारच्या सादड्याच्या झाडावर चढला. वहिनी मध्ये राहिली. ती पळायला वळली तोवर ते तिच्यावर होतं, आणि ते तोंडावरच आलं.

त्याचं पुढचं मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. मी काय केलं ते सांगते, कारण त्यात शौर्य काही नव्हतं. घमेलं घरंगळत माझ्या पायाशी आलं होतं. मी ते उचललं आणि पडलेल्या काठीने बडवायला लागले, बडवत राहिले, ओरडत राहिले, काय ओरडले आठवत नाही. अस्वलाने मान वर केली. मग ते तिच्यावरून उतरलं आणि नाल्याच्या बाजूने निघून गेलं. त्याला जायचंच होतं. त्याला आधी कोणी सांगितलं असतं, तर ते तेव्हाच गेलं असतं.

भाऊ खाली उतरला. लुगड्याची झोळी करून बांबूला बांधून गावातल्या पोरांनी तिला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप, तिथून नंदुरबार. जीपमध्ये तो तिचे पाय मांडीवर घेऊन रडत होता. खोटं नव्हतं ते रडणं. तो झाडावर चढला याचा मला राग नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. अस्वल अंगावर आलं की माणूस काय करेल ते माणसाच्या हातात नसतं. मीही चढले असते, मला चढता येत नाही एवढंच. माझा राग त्या ‘‘गप ऱ्हाय’’वर आहे, आणि त्यानंतर त्याने जे केलं त्यावर आहे.

वहिनीचा डावा डोळा गेला. गाल शिवला, जबडा बसवला, तरी बोलताना शब्द एका बाजूने निसटतात. दवाखान्यात जो येई तो तिलाच विचारी. वॉर्डातली आया रोज लादी पुसताना म्हणायची, ‘‘इतला अंधारामा जातंसच कसाले व तुम्ही?’’ जणू आम्ही तिथे हवा खायला गेलो होतो. चौकशीला वनखात्याचा माणूस आला, तेव्हा वहिनीचं तोंड पट्ट्यांनी बांधलेलं होतं. तिच्या वतीने भाऊ बोलला. अस्वल अचानक आलं, तो म्हणाला, मी होतो म्हणून निभावलं. मी शेजारी उभी होते. मी म्हणाले, कुत्र्यांनी आणलं ते, आणि हा झाडावर होता. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन भावासोबत चहा प्यायला. वडील मला म्हणाले, घरातलं बाहेर काढू नये. घरातलं! जे नाल्याकाठी झालं ते घरातलं, आणि जे भाऊ बाजारात सांगतो ते बाहेरचं.

बंदुकीच्या गोष्टीपुढे घमेल्याची गोष्ट कोण ऐकतो? मी जमेल तिथे सांगितली. घमेल्याला पोचे पडले होते म्हणून मी वहिनीसाठी नवं घ्यायला म्हसावदला भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे चाचा, आईपासूनचे ओळखीचे. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बहीन, तुन्हा भाऊ वाघ शे. दुसरा ऱ्हाता ते पळी जाता.’’

‘‘चाचा, तोच पळना,’’ मी म्हणाले. ‘‘झाडवर चढना.’’

ते हसले. मी चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. बहीण भावाची थट्टा करते, तशी. मी घमेलं तिथेच ठेवून बाहेर पडले, आणि बाजारभर माझ्या कपाळाची शीर उडत राहिली.

या सगळ्या काळात वहिनी मात्र काही बोलली नाही. कोणी आलं की पदर डाव्या बाजूने पुढे ओढायची आणि आत जायची. मी चिडून विचारायचे, तू का नाही सांगत? ती म्हणायची, ‘‘ऱ्हाऊ दे, ताई.’’ मला तिचाही राग यायचा. मला वाटायचं की ती पडली ती पडलीच.

पुढच्या होळीला मी पुन्हा घरी आले. मोह गळायला लागला होता आणि वहिनी घरात होती. भावाने सांगून टाकलं होतं की तिने आता नाल्याकडे जायचं नाही, एका डोळ्याने काय दिसणार, पुन्हा काही झालं तर जबाबदारी कोणाची? त्या झाडांची फुलं शेजारच्या बाईला अर्ध्या वाट्याने द्यायची, असंही तो ठरवून बसला होता. आईने वहिनीला दिलेले मोह हा कोणाला तरी देत होता, आणि वडील मान डोलवत होते. वरून त्याने अस्वलाचा ‘बंदोबस्त’ करायचं काढलं होतं. कोणत्या अस्वलाचा, ते विचारायची सोय नव्हती, डोंगरातलं प्रत्येक अस्वल आता तेच होतं. पकडले गेलात तर तुरुंगात जाल, मी म्हणाले. भाऊ म्हणाला, आपल्या बचावासाठी बंदूक बाळगली तर त्यात गुन्हा काय?

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता त्याचे मित्र अंगणात जमले. कोणी भाले आणले होते, कोणी कुत्री, एकाने कुठूनशी दुसरी बंदूक. भावाची दोनच कुत्री उरली होती, एक नाल्यात मेलं होतं आणि एक त्या पहाटेनंतर परतलंच नव्हतं, तरी दुसऱ्यांची मिळून अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनीने चुलीवर चहा ठेवला. कोणीतरी नवखा होता, पलीकडच्या गावचा, तो भावाला म्हणाला, गेल्या वर्षी नेमकं काय झालं ते सांगा ना. भावाने बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि सुरू झाला. मी ओट्यावर दात आवळून बसले. अस्वल पुरुषभर उंच झालं, मग त्याहून उंच झालं. बार त्याच्या कानाजवळून गेला. मग, भाऊ म्हणाला, मी हिच्या आणि अस्वलाच्या मध्ये उभा राहिलो.

वहिनी चहाची थाळी घेऊन बाहेर आली होती. तिने थाळी ओट्यावर ठेवली, आणि मग पदर मागे घेतला. पूर्ण मागे. त्या अंगणातल्या निम्म्या माणसांनी तिचं तोंड तोवर पाहिलेलं नव्हतं.

‘‘तुम्ही झाडवर व्हतात,’’ ती म्हणाली. शब्द एका बाजूने निसटत होते, पण सगळ्यांना कळले. ‘‘मी खाले व्हतू. ताईनी घमेलं वाजाडं म्हनीसन ते गयं.’’

मग तिने एकेकाच्या हातात चहाचा कप दिला, भावालाही दिला. त्याने घेतला. थोडा चहा बंदुकीवर सांडला. तो नवखा माणूस मान खाली घालून भराभर चहा प्यायला आणि आपल्या कुत्र्याला दोरी लावून निघाला. मग दुसरा निघाला, त्याला म्हणे गुरं सोडायची होती. तिसऱ्याने कारणही सांगितलं नाही. थोड्या वेळात अंगणात भाऊ उरला आणि त्याची कुत्री. मला वाटलं होतं की हा दिवस आला तर मला आनंद होईल, मी काहीतरी झोंबणारं बोलेन. मला फक्त थकल्यासारखं झालं. आणि राग तर तसाच होता, अजूनही आहे, कारण एवढं कळायला एका बाईला आपला फाटलेला चेहरा उघडा करावा लागला.

वहिनीने दोन्ही कुत्री गोठ्यात नेऊन खुंट्याला बांधली. भाऊ बघत होता, पण तो उठला नाही. मग ती आत गेली आणि तेच पोचे पडलेलं घमेलं आणि काठी घेऊन आली.

‘‘चाल ताई,’’ ती म्हणाली.

वाटेत ती मोठ्याने बोलत होती, माहेरच्या बोलीत, मला अर्धं कळत नव्हतं. डाव्या बाजूचं तिला दिसत नाही, म्हणून मी त्या बाजूने चालत होते. नाल्याच्या वळणावर ती थांबली आणि तिने घमेलं बडवायला सुरुवात केली. तो आवाज मी त्या पहाटेनंतर ऐकला नव्हता. तिने हाक दिली, तिच्या बोलीत एकदा आणि आमच्या बोलीत एकदा, ‘‘ऊठ रे बाबा, आम्ही उनूत!’’ आणि खाली बसून कमरेची डबी काढली. मशेरीचं बोट उजव्या बाजूनेच फिरवत होती.

वरच्या अंगाला पाचोळा वाजला. काहीतरी जड उठलं, झुडपं हलली, आणि आवाज हळूहळू डोंगराकडे गेला. मी वहिनीचा दंड घट्ट धरला होता. ती चूळ भरून उठली.

‘‘धाक नही वाटस तुले?’’ मी विचारलं.

तिने माझी बोटं एकेक करून सोडवली.

‘‘आस्वलले सांगं का ते आयकस, ताई,’’ ती म्हणाली आणि तिने मान घराकडे वळवली, जिथे भाऊ बसला होता. ‘‘त्या दिन मी यास्लेच सांगत बसनू.’’

मग तिने पदर खोचला आणि मधल्या झाडाखाली वाकून वेचायला लागली.